अर्जाधारित वेब ॲप्लिकेशनची मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचना

अर्जाधारित वेब ॲप्लिकेशन म्हणजे वापरकर्त्याकडून अर्जाद्वारे माहिती घेणारे, ती तपासून साठवणारे आणि तिच्या आधारे दाखला, उतारा किंवा यादी देणारे संकेतस्थळीय सॉफ्टवेअर होय. शाळाप्रवेश, परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, शिष्यवृत्ती, जन्म-मृत्यूची नोंद ही अशा ॲप्लिकेशनची परिचित उदाहरणे आहेत. त्यांच्या उभारणीसाठी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (संक्षेपाने एमव्हीसी) ही रचना मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. या रचनेत माहिती व तिचे नियम (मॉडेल), माहितीचे दृश्य रूप (व्ह्यू) आणि वापरकर्त्याच्या विनंतीनुसार या दोहोंना कामाला लावणारा भाग (कंट्रोलर) हे तीन घटक परस्परांपासून वेगळे ठेवले जातात.

या लेखात रचनेचे स्पष्टीकरण जन्मनोंदणीच्या अर्जाच्या आधारे केले आहे. उदाहरणासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील कसाल या गावाच्या ग्रामपंचायतीचे कार्यालय गृहीत धरले आहे. येथे वर्णिलेले ॲप्लिकेशन अभ्यासासाठी कल्पिलेले आहे. प्रत्यक्ष शासकीय नोंदणी भारताच्या महानिबंधकांच्या अखत्यारीतील नागरी नोंदणी प्रणालीत होते. नोंदणीचे नियम मात्र प्रत्यक्ष कायद्यातील आहेत.

## इतिहास

एमव्हीसी ही संकल्पना नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मांडली. १९७८-७९ मध्ये ते अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अभ्यागत संशोधक होते. तेथे स्मॉलटॉक या प्रणालीवर काम करताना, गुंतागुंतीची माहिती वापरकर्त्याला एकाच वेळी अनेक रूपांत पाहता व हाताळता यावी, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. मे १९७९ मधील टिपणात त्यांनी या घटकांना वेगळी नावे दिली होती. मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही नावे १० डिसेंबर १९७९ च्या टिपणात स्थिरावली. १९८८ मध्ये ग्लेन क्रास्नर आणि स्टीफन पोप यांनी स्मॉलटॉक-८० मधील या रचनेवर लिहिलेल्या लेखामुळे ती व्यापक वर्तुळात पोहोचली.

त्या काळी ही रचना एकाच संगणकाच्या पडद्यापुरती होती. १९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत आल्यावर ब्राउझरमधून भरलेली माहिती सर्व्हरवरील प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू लागली, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीने अर्जाच्या रकान्यांना प्रमाणित रूप दिले. सुरुवातीच्या अनेक प्रोग्रॅममध्ये पानाची मांडणी, माहितीची तपासणी आणि विदागाराला दिलेल्या आज्ञा एकाच फाइलमध्ये मिसळलेल्या असत. पाने वाढली की एकच नियम अनेक ठिकाणी उतरे आणि तो बदलताना एखादे ठिकाण सुटून जाई.

यावर उपाय म्हणून एमव्हीसी रचना वेबसाठी स्वीकारली गेली. जावा भाषेतील स्ट्रट्स (२०००), रुबी भाषेतील रेल्स (२००४), पायथन भाषेतील जँगो (२००५), पीएचपी भाषेतील कोडइग्नायटर (२००६) व लाराव्हेल (२०११) आणि मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट एमव्हीसी (२००९) ही या परंपरेतील प्रमुख चौकटी होत. जँगोमध्ये याच विभागणीला मॉडेल, टेम्प्लेट आणि व्ह्यू अशी नावे आहेत. तेथील व्ह्यूचे काम इतरत्र कंट्रोलर करतो.

## तीन घटक

कागदी नोंदणीच्या कार्यालयात हीच विभागणी पूर्वीपासून दिसते. नोंदवही आणि तिच्यात काय व कोणत्या अटींवर लिहावे हे सांगणारे नियम एका बाजूला असतात. नागरिकाच्या हाती येणारा कोरा नमुना आणि शेवटी मिळणारा दाखला ही त्याच माहितीची बाह्य रूपे असतात. नमुना स्वीकारणारा, नियम पाहून तो पुढे पाठवणारा किंवा त्रुटी दाखवून परत करणारा कर्मचारी या दोहोंमधला दुवा असतो.

* मॉडेल : माहिती, तिच्यातील परस्परसंबंध आणि तिला लागू असणारे नियम. ही माहिती पडद्यावर कशी दिसते याची मॉडेलला जाणीव नसते.
* व्ह्यू : माहितीचे सादरीकरण. कोरा अर्ज, त्रुटींसह परत आलेला अर्ज, पोच, दाखला, मासिक यादी हे सर्व व्ह्यू होत. व्ह्यू कोणताही नियम ठरवत नाही.
* कंट्रोलर : आलेली विनंती ओळखून मॉडेलला काम सांगणारा आणि त्याच्या उत्तरानुसार योग्य व्ह्यू निवडणारा भाग. तो स्वतः थोडे काम करतो, बरेचसे सोपवतो.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच लागू पडते. कागदी कार्यालयात नियमांचे ज्ञान बहुतांशी कर्मचाऱ्याजवळ असते. एमव्हीसी रचनेत ते कंट्रोलरजवळ न ठेवता मॉडेलमध्ये ठेवणे अपेक्षित आहे.

## उदाहरणाची पार्श्वभूमी : जन्मनोंदणी

कसाल हे गाव मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ वर असून मालवणकडे जाणारा रस्ता येथून फुटतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जन्म-मृत्यूचा निबंधक म्हणून ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक काम पाहत आला आहे. या कामाचा आधार म्हणजे जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ आणि राज्याचे २००० सालचे नियम. ॲप्लिकेशनच्या रचनेच्या दृष्टीने त्यांतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

१. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. घरी झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर, तर रुग्णालयात झालेल्या जन्माची तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते.

२. २१ दिवसांनंतर परंतु ३० दिवसांच्या आत माहिती दिल्यास विलंबशुल्क लागते. ३० दिवसांनंतर एक वर्षाच्या आत विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

३. बाळाचे नाव ठरलेले नसतानाही जन्माची नोंद करता येते. नाव नंतर घालता येते. नियमांनुसार नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंबशुल्क भरून साधारणतः १५ वर्षांपर्यंत.

४. नोंदीतील चूक दुरुस्त करताना मूळ नोंद खोडता येत नाही. दुरुस्ती समासात, स्वाक्षरी व दिनांकासह लिहावी लागते.

५. जन्माच्या नमुना क्रमांक १ चे वैधानिक आणि सांख्यिकी असे दोन भाग असतात. जन्मदिनांक, लिंग, बाळाचे व आईवडिलांचे नाव, जन्मस्थान, पत्ता हे वैधानिक भागात येतात. आईवडिलांचे शिक्षण व व्यवसाय, आईचे वय, प्रसूतीचा प्रकार, बाळाचे वजन इत्यादी सांख्यिकी भागात. दाखल्यावर फक्त वैधानिक भागातील माहिती येते.

अशी नोंद माणसाला जन्मभर पुरते. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख, निवृत्तीचा दिनांक, वारसाहक्क, पारपत्र यांपैकी कशाचेही मूळ शोधत गेल्यास ते तिच्यापाशी पोहोचते. त्यामुळे चुकीच्या नियमामुळे नाकारला गेलेला अर्ज किंवा तपासणीविना स्वीकारलेला दिनांक ही केवळ तांत्रिक उणीव राहत नाही. तिची झळ नागरिकाला पोहोचते.

## मॉडेलची उभारणी

ॲप्लिकेशनची सुरुवात पडद्याच्या मांडणीने न करता मॉडेलने करणे सोयीचे ठरते. प्रथम कोणत्या वस्तूंची नोंद ठेवायची ते ठरवले जाते. येथे जन्मनोंद, व्यक्ती (आई, वडील, माहिती देणारा), स्थळ, दुरुस्ती आणि परवानगी अशा पाच वस्तू पुरतात. त्यानंतर प्रत्येक रकाना आवश्यक की ऐच्छिक, त्याचा प्रकार कोणता आणि त्यावर कोणती अट आहे हे लिहिले जाते.

या टप्प्यावर कायदा नीट न वाचल्यास रचना मुळातच चुकते. अर्ज पाहताच बाळाचे नाव हा रकाना आवश्यक असावा असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात बारसे परंपरेने बाराव्या दिवशी होते, काही घरांत त्याहून उशिरा. आणि रुग्णालय आपली माहिती त्याआधीच पाठवू शकते. नावाचा रकाना सक्तीचा केला, तर वेळेत आलेला वैध अर्ज परत जाईल किंवा कर्मचारी तेथे काहीतरी तात्पुरते लिहून वेळ मारून नेईल. म्हणून मॉडेलमध्ये नाव ऐच्छिक ठेवून, ते नंतर घालण्याची स्वतंत्र क्रिया तिच्या मुदतीच्या नियमासह लिहावी लागते.

दुबार नोंद टाळण्याचा नियमही विचारपूर्वक करावा लागतो. आई, जन्मदिनांक आणि जन्मस्थान सारखे असल्यास नोंद दुबार समजावी, असा नियम केल्यास जुळ्यांपैकी दुसऱ्या बाळाची नोंद अडते. अशा वेळी मॉडेलने अर्ज नाकारू नये. संशयित दुबार असा इशारा देऊन निर्णय निबंधकावर सोपवावा.

मुदतीचा नियम मॉडेलमधील एकाच कार्यात लिहिला जातो. त्याची रूपरेषा अशी :

* दिवस = माहिती दिल्याचा दिनांक वजा जन्मदिनांक
* दिवस शून्यापेक्षा कमी असल्यास : दिनांक अमान्य
* दिवस २१ पर्यंत असल्यास : नियमित नोंद
* दिवस २१ पेक्षा अधिक व ३० पर्यंत असल्यास : विलंबशुल्क आवश्यक
* ३० दिवसांनंतर परंतु एक वर्षाच्या आत : लेखी परवानगी आवश्यक
* एक वर्षानंतर : दंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक

या कार्याला ना पडदा ठाऊक आहे, ना विदागार. दोन दिनांक द्यावेत आणि उत्तर घ्यावे, एवढाच त्याचा व्यवहार. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या संगणकावरील अर्ज, रुग्णालयाकडून येणारी माहिती आणि उद्या तयार होणारे मोबाइल ॲप या तिन्ही वाटांनी आलेल्या अर्जांना तोच नियम लागू होतो.

दुरुस्तीची तरतूदही मॉडेलच्या रचनेतच उतरते. नोंद बदलण्याची सर्वसाधारण पद्धत म्हणजे विदागारातील जुन्या मूल्यावर नवे मूल्य लिहिणे. येथे ती चालत नाही. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून रकान्याचे नाव, जुने मूल्य, नवे मूल्य, कारण, अधिकारी आणि दिनांक असलेली दुरुस्ती स्वतंत्र तक्त्यात जोडली जाते. कागदी नोंदवहीच्या समासाचे हे संगणकीय रूप होय. सध्याचे मूल्य विचारल्यास मॉडेल मूळ नोंद व तिच्या दुरुस्त्या एकत्र करून उत्तर देते.

## व्ह्यूची उभारणी

एकाच जन्मनोंदीची अनेक दृश्ये लागतात : कोरा अर्ज, त्रुटींसह परत आलेला अर्ज, पोच, दाखला, दुरुस्त्यांसह संपूर्ण नोंद आणि सांख्यिकी गोषवारा. मॉडेल वेगळे असल्यामुळे यांपैकी एकाची मांडणी बदलली तरी इतरांना धक्का लागत नाही.

अर्जाच्या व्ह्यूमध्ये प्रत्येक रकान्याला स्पष्ट नाव, गरजेनुसार एक ओळीची सूचना आणि त्रुटी दाखवण्यासाठी जागा असते. चूक आढळल्यास भरलेली सर्व माहिती तशीच ठेवून फक्त चुकीच्या रकान्याखाली कारण दाखवावे. माहिती अवैध आहे, अशा मोघम संदेशाने वापरकर्त्याला काही कळत नाही. जन्मदिनांक आजच्या दिनांकानंतरचा आहे, अशा संदेशाने कळते. तीस रकाने पुन्हा भरावे लागल्यास नवी चूक होण्याचा संभव वाढतो.

पत्त्याचे रकाने प्रदेशानुसार ठरतात. शहरासाठी केलेल्या अर्जात इमारत, रस्ता आणि विभाग असे रकाने असतात. कोकणातील गावे वाड्यांमध्ये विखुरलेली असल्यामुळे येथे वाडीचा रकाना नसेल तर घर सापडत नाही. गाव व तालुका मात्र हाताने लिहू न देता यादीतून निवडू द्यावा. व्ह्यू गावाचे नाव दाखवतो आणि मॉडेल त्याचा सांकेतिक क्रमांक साठवते. त्यामुळे एकच गाव दोन प्रकारे लिहिले जाऊन वेगळे ठरत नाही.

काय दाखवायचे नाही, हा निर्णय व्ह्यूवर सोडता येत नाही. याच अधिनियमानुसार मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. तो रकाना पानावर पाठवून केवळ रंगरूपाच्या साहाय्याने लपवला, तर पानाचा मूळ मजकूर उघडणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. उताऱ्यासाठी माहिती देताना मॉडेलनेच तो रकाना वगळला पाहिजे.

## कंट्रोलर आणि विनंतीचा प्रवास

वेबवरील प्रत्येक व्यवहार विनंती आणि उत्तर या जोडीने होतो. केवळ माहिती मागणाऱ्या विनंतीसाठी गेट आणि माहिती बदलणाऱ्या विनंतीसाठी पोस्ट ही पद्धत वापरली जाते. जन्मनोंदणीच्या अर्जाचा प्रवास असा होतो :

१. वापरकर्ता नवीन नोंदीचा दुवा उघडतो. कंट्रोलर गेट विनंती ओळखून कोऱ्या अर्जाचा व्ह्यू पाठवतो.

२. वापरकर्ता अर्ज भरून पाठवतो. माहिती पोस्ट विनंतीने सर्व्हरवर येते.

३. विनंती पाठवणाऱ्याची ओळख व अधिकार तपासले जातात.

४. कंट्रोलर अर्जातील अपेक्षित रकानेच उचलून मॉडेलकडे देतो. अर्जात नसलेला रकाना कोणी घुसडला असल्यास तो दुर्लक्षिला जातो.

५. मॉडेल नियम तपासते. त्रुटी असल्यास कंट्रोलर त्रुटींच्या यादीसह तोच अर्ज परत पाठवतो.

६. त्रुटी नसल्यास मॉडेल नोंद साठवते आणि नोंदणी क्रमांक देते. क्रमांक देणे व नोंद साठवणे ही एकाच अखंड व्यवहारात व्हावी लागतात. अन्यथा एकाच क्षणी आलेल्या दोन अर्जांना एकच क्रमांक मिळू शकतो.

७. कंट्रोलर पोच थेट न दाखवता ब्राउझरला पोचेच्या पानाकडे वळवतो, आणि ब्राउझर ते पान नव्या गेट विनंतीने उघडतो.

सातव्या पायरीमुळे पान पुन्हा लोड केले तरी अर्ज दुसऱ्यांदा पाठवला जात नाही. तरीही जोडणी मंद असताना वापरकर्ता पाठवा हे बटण दोनतीनदा दाबण्याची शक्यता उरते. त्यासाठी प्रत्येक कोऱ्या अर्जाबरोबर एक वेगळा खूणक्रमांक दिला जातो आणि त्या खुणेचा अर्ज एकदाच स्वीकारला जातो.

## तपासणीची जागा

अर्जातील चुका ब्राउझरमध्येही तपासता येतात आणि सर्व्हरवरही. ब्राउझरमधील तपासणी वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते. ती बंद करता येते किंवा टाळता येते. म्हणून सर्व्हरवरील तपासणी कधीही वगळता येत नाही. कोणती बाब कोणत्या घटकाकडे असावी याचे सर्वसाधारण वाटप पुढीलप्रमाणे :

| बाब | घटक |
|---|---|
| रकाना रिकामा असल्याची तत्काळ सूचना | व्ह्यू (सोय म्हणून) |
| आवश्यक रकान्यांची अंतिम तपासणी | मॉडेल |
| २१ दिवस, ३० दिवस व एक वर्षाचा नियम | मॉडेल |
| विनंती पाठवणाऱ्याची ओळख तपासणे | कंट्रोलर |
| कोणती नोंद कोणी दुरुस्त करावी याचा नियम | मॉडेल |
| दिनांक मराठी महिन्याच्या नावासह दाखवणे | व्ह्यू |
| त्रुटी असल्यास कोणते पान दाखवावे | कंट्रोलर |
| मृत्यूचे कारण उताऱ्यातून वगळणे | मॉडेल |

## मराठी माहिती हाताळताना

मराठी अर्जांत काही तपासण्या विशेष काळजीने कराव्या लागतात. इंग्रजी अर्जांसाठी लिहिलेले तयार नियम त्यांना पुरत नाहीत.

अंक. वापरकर्ता २१ हा आकडा देवनागरीत लिहू शकतो आणि रोमन लिपीच्या अंकांतही. युनिकोडमध्ये या दोहोंचे संकेत वेगळे आहेत. आलेले अंक एका रूपात बदलून मगच तपासणी करावी आणि दाखवताना व्ह्यूने हव्या त्या लिपीत दाखवावेत.

एकच अक्षर, दोन संकेत. कुऱ्हाडे या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : नुक्तायुक्त ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे ठरतात. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणाने हा फरक मिटत नाही. त्यासाठी मॉडेलमध्ये स्वतंत्र नियम ठेवावा लागतो. तसे न केल्यास काही वर्षांनी शोध घेताना अस्तित्वात असलेली नोंदही सापडत नाही. ॲ या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेत मिळाला. त्यापूर्वीच्या माहितीत ते अन्य मार्गांनी लिहिलेले आढळते.

लांबी. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. रकान्याची मर्यादा १०० बाइट असल्यास त्यात ३३ संकेतच मावतात. काना, मात्रा व हलन्त हेही त्यांत मोजले जातात. लांब नाव अर्ध्यावर तुटू नये म्हणून मर्यादा बाइटमध्ये न ठेवता अक्षरसंकेतांत ठेवावी.

रोमन रूप. दाखल्यावर नाव रोमन लिपीतही लागते. मालवण हे नाव रोमन लिपीत व्ही आणि डब्ल्यू अशा दोन्ही अक्षरांनी लिहिलेले आढळते. व्यक्तीच्या नावाचे रूपांतर यंत्राने सुचवावे, परंतु अंतिम रूप नागरिकाकडूनच घ्यावे.

दिनांक व वेळ. ५-६ असे लिहिलेले पाच जून की सहा मे, हा संभ्रम टाळण्यासाठी दिवस, महिना व वर्ष वेगळे निवडू द्यावेत. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असल्यास २२ जूनच्या पहाटे दोन वाजता त्याच्या लेखी २१ जूनच असतो आणि त्या पहाटे झालेला जन्म त्याला भविष्यातला वाटतो. दिनांकाची तुलना भारतीय वेळेनुसारच व्हावी.

## सुरक्षितता

अर्जातून येणारा प्रत्येक मजकूर अविश्वसनीय मानणे, हे या प्रकारच्या ॲप्लिकेशनचे मूलभूत तत्त्व आहे. रकान्यात विदागाराच्या आज्ञा लिहून त्या चालवून घेण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून मॉडेलने मजकूर आज्ञेत न मिसळता स्वतंत्र मूल्य म्हणून विदागाराकडे द्यावा. रकान्यात लिहिलेला कोड दुसऱ्याच्या पानावर चालू नये, यासाठी व्ह्यूने प्रत्येक मूल्य निव्वळ मजकूर म्हणून दाखवावे. वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या खात्यातून अर्ज पाठवला जाऊ नये म्हणून कंट्रोलरने अर्जासोबतची गुप्त खूण तपासावी. प्रचलित चौकटींमध्ये या तिन्ही सोयी उपलब्ध असतात. त्या बंद न करणे ही विकसकाची जबाबदारी असते.

## नियम बदलल्यास

रचनेचा उपयोग पहिल्या उभारणीपेक्षा पुढील बदलांच्या वेळी अधिक जाणवतो. जन्म व मृत्यू नोंदणी (सुधारणा) अधिनियम, २०२३ हा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. त्याने आईवडिलांचा व माहिती देणाऱ्याचा आधार क्रमांक, उपलब्ध असल्यास, घेण्याची तरतूद केली. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग किंवा महानगर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. आता जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी इत्यादी कामांसाठी जन्मदिनांक व जन्मस्थानाचा पुरावा ठरला.

नीट विभागलेल्या ॲप्लिकेशनमध्ये यांपैकी पहिल्या बदलासाठी मॉडेलमध्ये एक ऐच्छिक रकाना आणि अर्जाच्या व्ह्यूमध्ये त्याची जागा एवढेच करावे लागते. उपलब्ध असल्यास हे शब्द येथे निर्णायक आहेत. रकाना सक्तीचा केल्यास कायद्याने न घातलेली अट संगणकाने घातली असे होईल. दुसऱ्या बदलासाठी परवानगी या वस्तूतील अधिकाऱ्यांची यादी बदलते आणि नवी यादी कोणत्या दिनांकापासून लागू होते तेही नोंदवले जाते, म्हणजे पूर्वीच्या नोंदी त्या वेळच्या नियमानुसार वैध राहतात. मुदतीचे कार्य, दाखला आणि कंट्रोलर यांना हात लावावा लागत नाही.

## चाचणी

नियम एका ठिकाणी असल्यामुळे ते पडद्याविना तपासता येतात. मुदतीच्या कार्याची चाचणी सीमारेषांवरील दिवसांनी करतात. १ जूनला जन्मलेल्या बाळाची माहिती २२ जूनला आल्यास नोंद नियमित, २३ जूनला आल्यास विलंबशुल्कासह, १ जुलैला आल्यासही विलंबशुल्कासह आणि २ जुलैला आल्यास परवानगीसह व्हावी. वर्षाची मर्यादा ३६५ दिवसांनी न मोजता दिनदर्शिकेने मोजावी. अन्यथा लीप वर्षात एका दिवसाचा फरक पडतो. यांखेरीज नाव नसलेली नोंद, जुळी बाळे, देवनागरी अंकांतील वय आणि दोन प्रकारे टंकलेले एकच आडनाव यांसाठी स्वतंत्र चाचण्या लिहाव्यात. कंट्रोलरच्या चाचणीत चुकीचा अर्ज परत येतो का आणि बरोबर अर्ज पोचेकडे वळतो का, एवढेच पाहणे पुरते.

## मर्यादा

एकच अर्ज आणि एकच यादी असलेल्या छोट्या ॲप्लिकेशनमध्ये तीन घटकांची विभागणी अनावश्यक वाटू शकते. फाइलींची संख्या वाढते आणि नवशिक्याला एका कामाचा माग तीन ठिकाणी काढावा लागतो. प्रत्यक्षात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे नियम हळूहळू कंट्रोलरमध्ये साठत जाणे. घाईत घातलेली एखादी अट तेथे राहते, दुसऱ्या वाटेने आलेल्या अर्जाला ती लागू होत नाही, आणि एकाच कार्यालयात दोन नागरिकांना दोन नियम लागतात.

ब्राउझरमध्येच बरेचसे काम करणाऱ्या आधुनिक ॲप्लिकेशनमध्ये व्ह्यू आणि कंट्रोलर यांच्यातील सीमा धूसर झाली असून, एमव्हीसीपासून निघालेल्या इतर रचनाही प्रचलित आहेत. त्यांतही माहितीचे नियम सादरीकरणापासून वेगळे ठेवण्याचे तत्त्व कायम आहे. मात्र कोणतीही रचना नियमांचे आकलन पुरवत नाही. नावाचा रकाना ऐच्छिक असावा हे एमव्हीसी सांगत नाही. ते कायदा वाचून आणि नोंदणीचे काम करणाऱ्यांशी बोलून समजते. समजलेला नियम एकदाच, एकाच ठिकाणी आणि सर्व वाटांना लागू होईल असा लिहिण्याची जागा ही रचना देते.